नोंद नसलेल्यांनी बटण दाबू नये

‘मी बोलतोय’ अशी सुरुवात करायची आम्हा वस्तूंमध्ये रीत आहे. पण खरं सांगायचं तर मी बोलत नाही, मी लिहितो. पलीकडून कुणी काही म्हणालं की दोन-चार क्षणांनी ते माझ्या पडद्यावर अक्षरांत उमटतं, आणि ज्याला कानांनी पुरतं कळत नाही तो ते डोळ्यांनी वाचतो. मी एक टेलिफोन आहे, कॅप्शनवाला. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका गावात, एका स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्याशेजारी माझी जागा आहे.

त्या आठवड्यात या घरात मार्नीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. गुरुवारी दवाखान्यातून फोन येणार होता, तिच्या पाच वर्षांच्या मुलीच्या, ऐलीच्या, कानांच्या तपासणीचा निकाल सांगायला. निकालाची धास्ती होतीच. पण त्याच्याही आधीची धास्ती अशी, की फोन आला तरी आपल्याला ऐकू येणार नाही, आणि सवयीप्रमाणे आपण ‘हो, हो, बरोबर’ म्हणून ठेवून देऊ.

आता ही सवय कुठून आली आणि माझा त्यात काय संबंध, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात विशेष काही नाही, सगळ्यांचा तिथेच होतो. विशेष आहे ती माझ्या कपाळावरची पट्टी. ‘ऐकू कमी येणाऱ्या आणि नोंदणी केलेल्या व्यक्तीखेरीज इतर कोणीही कॅप्शन सुरू ठेवून हा फोन वापरू नये. केंद्रीय कायद्यानुसार मनाई आहे.’ बाकीच्या वस्तूंच्या अंगावर किंमत लिहितात, माझ्या कपाळावर तंबी लिहिली. कारण साधं आहे. देशभरातल्या फोनवाल्यांकडून थोडं थोडं गोळा होऊन एक निधी बनतो, आणि माझी अक्षरं त्या निधीवर चालतात. वाचणाऱ्याला खर्च नाही. म्हणून ज्याला गरज नाही त्यानं गंमत म्हणून ती वापरू नयेत, इतकंच. पण मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं की साधं वाक्यसुद्धा डोळे वटारून बघायला लागतं.

माझे पहिले धनी आर्व्हिड, मार्नीचे आजोबा. त्यांचा जन्म गेला खनिजाच्या धक्क्यावर, जहाजांच्या पोटात लोखंडाची माती धडाधड कोसळताना ऐकत. ‘मला ठणठणीत ऐकू येतं, लोकच पुटपुटतात,’ हे त्यांचं पालुपद. पण फोनवर भाऊ काय म्हणतो ते काही केल्या कळेना, तेव्हा एकदाची त्यांनी नोंदणी केली. पहिल्या दिवशी भावाचं बोलणं माझ्या पडद्यावर उमटलं: आज वारा आहे. काल वारा नव्हता. उद्या वारा असेल असं म्हणतात. आर्व्हिडनी चष्मा लावून सगळं वाचलं, फोन ठेवला आणि म्हणाले, “इतकी वर्षं मला वाटत होतं, हा काहीतरी महत्त्वाचं सांगतोय.”

पुढे त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते वृद्धांच्या निवासात राहायला गेले. तिथे त्यांच्या खोलीत माझाच एक भाऊबंद बसवला. घरात मार्नी आली, तिचा नवरा ग्लेन आणि ऐली. ग्लेन मालवाहू जहाजावर असतो. सरोवर गोठेपर्यंत तो पाण्यावर, म्हणजे घरी कमी आणि फोनवर जास्त. आर्व्हिड दर शनिवारी सौनात वाफेची आंघोळ करायला आणि जेवायला घरी येत, माझ्यावरून भावाला फोन करत, म्हणून माझ्यावरची त्यांची नोंद तशीच राहिली. बटण दाबलं की अक्षरं येत होती. कुणीही दाबलं तरी.

हीच तर पंचाईत. कारण मार्नीलाही ऐकू कमी येतं.

हे मला तिच्या आधी कळलं. घरात आल्यापासून तिनं माझा आवाज एकेक घर वाढवत नेला. फोन वाजला की आधी पंखा बंद, मग नळ बंद, मग ऐलीला गप्प बसायची खूण, आणि मग रिसीव्हर कानात असा रुतवायचा की कानाची पाळी लाल. एवढं करूनही निम्मं निसटायचं. निसटलेल्या जागी ती ‘हो, हो’ भरायची. त्या ‘हो, हो’च्या पायी चर्चमधली रविवारची कॉफी वर्षभरासाठी तिच्या गळ्यात पडली. कुणी गळ्यात घातली, केव्हा, तिला पत्ता नाही. आता तीस कप कॉफी करते आणि हसते.

बटण मात्र दाबत नव्हती. पट्टीवरचं वाचून वाचून तिला ते पाठ झालं होतं. एकदाच, दातांच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा, राहवलं नाही म्हणून दाबलं. सगळं लख्ख वाचता आलं. आणि मग दिवसभर चोरी केल्यासारखी घरात फिरली. संध्याकाळी तिनं माझ्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं.

शेजारची लॉरेटा कॉफीला आली होती. तिनं फडकं उचलून माझ्याकडे बघितलं. “हे काय, मेलाय का हा?”

“त्याच्यावर नाव आजोबांचं आहे. मी वापरला. माझी नोंद नाही.”

“अगं बाई! मग आता कोण येणार पकडायला? तटरक्षक दल?”

“हसू नकोस, लॉरेटा. कायदा आहे.”

“मग नोंद कर की!”

“मी तेवढी बहिरी नाहीये,” मार्नी म्हणाली. लॉरेटानं कप खाली ठेवून तिच्याकडे बघितलं, कारण ‘नोंद कर की’ हे तिला दोनदा म्हणावं लागलं, तेव्हा कुठे मार्नीचं हे उत्तर आलं होतं.

ऐलीला यातलं काही कळत नव्हतं, तिला फक्त माझा पडदा आवडायचा. एके दुपारी तिनं आईचा मोबाईल लंपास केला, टेबलाखाली बसून मला फोन लावला, हात वर करून माझा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. तिचंच बोलणं माझ्यावर उमटलं: मी टेबलाखाली आहे. माझा एक मोजा हरवला आहे. मार्नी धावत आली आणि तिनं बटण बंद केलं. एका खोलीतल्या दोन माणसांसाठी माझी अक्षरं नसतातच, तोही नियमच. पण मोबाईल काढून घ्यायला ती टेबलाखाली वाकली, तेव्हा तिला काहीतरी दिसलं. ऐली मोबाईल उजव्या कानाला धरून होती. तिनं मुद्दाम तो डाव्या कानाला लावायला सांगितला. ऐली म्हणाली, “त्या बाजूला नको, तिकडे फोन झोपलेला असतो.”

शाळेतल्या तपासणीत तेच निघालं. मग मोठ्या दवाखान्यात ऐलीला झोपवून तिच्या डोक्याला तारा लावून चाचणी झाली. तिथल्या बाई म्हणाल्या, अहवाल दुसऱ्या गावच्या तज्ज्ञांना दाखवते, गुरुवारी सकाळी फोन करते, आणि असली गोष्ट आम्ही निरोपाच्या पेटीत ठेवत नाही, तेव्हा फोनजवळ राहा. मार्नी म्हणाली, “हो, हो, बरोबर.”

त्या आठवड्यात मी फार वाजलो नाही, पण कुणी फोनला कधी बघितलं नसेल इतकं तिनं मला बघितलं. जाता-येता रिसीव्हर उचलायची, सूर येतोय ना बघायची, ठेवायची. फडकं घालायची, काढायची. मलाही स्वस्थता नव्हती. माझीच एक खोड आहे, मी बोलण्याच्या मागे राहतो. समोरचा वाक्य संपवतो तेव्हा मी अजून मध्यावर असतो, आणि कधी कधी चुकीचा शब्द लिहून मग खोडतो. मला वाटायचं, बटण दाबलंच तिनं, आणि नेमकं त्याच वेळी मी चुकलो तर?

शनिवारी आर्व्हिड आले. सौनातून निघाले ते शेकून लाल झालेले, गळ्यात टॉवेल. ऐली मोजे शोधत होती. जेवणाच्या टेबलावर दोघं मोठमोठ्यानं बोलायला लागले. त्यांच्यात हळू आवाज हा प्रकारच नाही.

“दवाखान्याचा फोन कशावर घेणार?” आर्व्हिडनी विचारलं.

“यावर. कान देऊन ऐकेन.”

“कुठला कान? आहे का एखादा शिल्लक?”

“आजोबा!”

“नोंद कर. माझं नाव आहे तसं तुझंही बसेल त्याच्यावर. एका फोनवर एकाहून जास्त नावं चालतात.”

“त्याला काही प्रमाण असेल ना? इतके टक्के ऐकू येत नसेल तर, उत्पन्न इतकं असेल तर, डॉक्टरांचं पत्र… असंच कुणालाही थोडंच देतात?”

“कुठे लिहिलंय?”

मार्नीनं मोबाईलवर शोधून त्यांना वाचून दाखवायला घेतलं, मग ते म्हणाले, मला ऐकू येत नाहीये, इकडे दे. त्यांनीच वाचलं. नाव, पत्ता, जन्मतारीख. मला ऐकू कमी येतं. फोनवरचं बोलणं समजायला मला कॅप्शनची गरज आहे. त्याचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो हे मला माहीत आहे. नोंद नसलेल्या कुणालाही मी ते वापरू देणार नाही. हे सगळं खरं आहे, खोटं निघालं तर कायद्यानं शिक्षा.

“बघ. टक्के नाहीत, उत्पन्न नाही, कॅप्शनच्या कंपनीला डॉक्टरचं पत्रही नको. तू म्हणशील ते.”

“तेच तर!” मार्नी एकदम म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलं असतं तर सोपं होतं. ते म्हणाले म्हणून, असं म्हटलं असतं. इथे मीच म्हणायचं. शपथेवर.”

“मग म्हण.”

तिनं काट्यानं बटाटा फोडला. मग जे निघालं ते मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. “मी लिहून दिलं, की माझं हे खरं झालं. आणि गुरुवारी ऐलीचंही तेच निघालं, तर ते माझ्याकडून गेलं. तोपर्यंत निदान… निदान असं म्हणता येतं की लोकच पुटपुटतात.”

आर्व्हिडनी काटा ठेवला. “म्हणजे माझ्याकडून तुझ्याकडे, आणि तुझ्याकडून तिच्याकडे. बरं. मग तू मला कधी शिव्या घातल्यास?”

“घातल्या. पुष्कळदा.”

“मला ऐकू आल्या नाहीत,” आर्व्हिड म्हणाले, आणि पाव ओढून घेतला.

मार्नी हसली, मग रडली, मग उठून तिनं पंखा बंद केला. पंख्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

त्या रात्री काही झालं नाही. रविवारीही नाही. सोमवारी ती मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसली, नाव भरलं, पत्ता भरला, ‘मला ऐकू कमी येतं’पाशी आली आणि उठून कपडे वाळत टाकायला गेली. मंगळवारी तिथपर्यंत पुन्हा आली. ग्लेनचा जहाजावरून फोन आला तेव्हा तिनं पहिल्यांदाच त्याला विचारलं, “माझ्या कानांचं तुला कधीपासून माहीत होतं?” तो काय म्हणाला ते तिला कळलं नाही, कारण बटण बंद होतं. पण तो गप्प किती वेळ राहिला हे तिला बरोबर कळलं.

फोन ठेवून तिनं राहिलेलं एका दमात भरलं. सगळ्या वाक्यांपुढे खूण केली. सही म्हणून स्वतःचं नाव टाइप केलं, मग ते बराच वेळ वाचत बसली, जणू कुणा ओळखीच्या बाईचं आहे. बुधवारी कंपनीकडून उत्तर आलं, तुमची नोंद झाली. मी तसाच होतो, पट्टीही तीच. पण आता ती पट्टी मार्नीला आत घेत होती, बाहेर ठेवत नव्हती.

गुरुवारी सकाळी मी वाजलो. मार्नीनं पंखा बंद केला नाही, नळही नाही. बटण दाबलं आणि रिसीव्हर उचलला.

मी जन्मात इतकं जपून लिहिलं नसेल. दवाखान्याच्या बाई बोलत गेल्या आणि मी मागून धावत गेलो. नमस्कार, मी ऐलीच्या अहवालाबद्दल बोलतेय. उजवा कान चांगला आहे. डाव्या कानात मध्यम प्रमाणात ऐकू कमी येतं. हे कायमचं आहे. लहानसं यंत्र लावलं तर वर्गात खूप फरक पडेल. कारण अजून सांगता येत नाही, घराण्यातलं असू शकतं, नसूही शकतं. आपण आणखी तपासू. कळलं का?

मार्नीच्या ओठांवर ‘हो, हो’ आलंच होतं. मला दिसलं. तिनं ते गिळलं.

“नाही,” ती म्हणाली. “मला ऐकू कमी येतं, मी हे वाचतेय. ‘कायमचं आहे’च्या पुढचं पुन्हा एकदा सावकाश सांगा. आणि यंत्र कधी मिळेल तेही.”

बाईंनी सावकाश सांगितलं. मी सावकाश लिहिलं. तिनं प्रश्न विचारले, एक, दुसरा, आणखी एक. इतके, की बाई शेवटी म्हणाल्या, इतकं नीट विचारणारे पालक कमी असतात. तेही मी लिहिलं. मार्नीनं ते दोनदा वाचलं.

माझी हकिगत इथवरच. मी अजून ब्रेडच्या डब्याशेजारीच आहे, फडक्याशिवाय. माझ्यावर आता दोन नावं आहेत आणि तिसऱ्याला जागा आहे. एक विनवणी आहे ती त्यांना, जे माझ्यासमोर उभे राहून ‘मी तेवढा नाही’ म्हणतात. तेवढा म्हणजे केवढा, हे नियमातही लिहिलेलं नाही. तुम्हाला जे कळलं नाही त्याला ‘हो’ म्हणू नका. माझं बटण लहान आहे, दाबायला जोर लागत नाही. जोर त्याच्या आधी लागतो.

त्या गुरुवारी फोन ठेवल्यावर मार्नी ऐलीशेजारी जमिनीवर बसली. खोलीतलं बोलणं लिहायची मला सोय नाही, म्हणून ते कुठे उमटलं नाही, मी नुसतं ऐकलं. ती म्हणाली, “ऐली, तुझा डावा कान आहे ना, त्याला माझ्या कानांसारखं कमी ऐकू येतं. तुझी चूक नाही. माझीही नाही, असं म्हणतात.”

ऐली मोजा चढवत होती. तिनं तो पूर्ण चढवला, टाच नीट जागेवर आणली आणि विचारलं, “मग आता मोठ्यानं कुणी बोलायचं, मी की तू?”