मर्नाचा उजवा हात

फ्लोरिडातल्या दुपारच्या पावसाला मर्ना टॅकेट कधी घाबरली नव्हती. घाबरायचं ते पाहुण्यांनी. आभाळ भरून आलं की लांबून आलेली कुटुंबं पोरांना बखोटीला धरून दुकानांच्या छपराखाली पळत सुटायची, आणि मर्ना आणि तिच्यासारखी, पाळण्या-खेळांच्या मोठ्या पार्कचा बारमाही पास बाळगणारी म्हातारी मंडळी स्कूटरला लटकवलेल्या पिशवीतून शांतपणे रेनकोट काढायची. पाऊस अर्ध्या तासात जातो, रांगा ओस पडतात आणि मग सगळं पार्क आपलं. त्या पावसाला ही मंडळी आपल्या घरचाच समजत.

स्कूटर म्हणजे बॅटरीवर चालणारी चार चाकी खुर्ची. गुडघे गेले तेव्हा मर्नाने लाल रंगाची घेतली. तिची मैत्रीण लव्हर्न त्या स्कूटरला म्हातारीची घोडी म्हणायची. हँडलच्या उजव्या मुठीखाली एक खटका असतो. तो बोटांनी दाबून धरला की घोडी चालते आणि सोडला की जागच्या जागी थांबते. वेगळा ब्रेक नाहीच. बोटं सैल सोडायची, झालं.

आता मर्नाची बोटं सैलच होती, आणि सगळी गोम तिथेच होती. एप्रिलमधल्या एका सकाळी तिच्या हातातून कॉफीचा मग पडला आणि जीभ घटकाभर जड झाली. दुपारपर्यंत जीभ ताळ्यावर आली, पण उजव्या हाताची बोटं काही आली नाहीत. ती डॉक्टरकडे गेली नाही. डॉक्टर काय म्हणाला असता ते तिला ठाऊक होतं, आणि ते ऐकल्यावर मुलगी काय म्हणाली असती तेही ठाऊक होतं. लव्हर्नला तिने संधिवात म्हणून सांगितलं. लव्हर्न म्हणाली, त्यात काय एवढं, आम्ही सगळ्या करतो तसं कर, केसांचं रबर घे आणि खटक्याला अडकवून टाक, बोटांना आराम. थांबायचं असलं की अंगठ्याने रबर सरकवायचं. तेव्हापासून मर्नाची घोडी रबरावर चालत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मर्ना तर त्या मुठीच्या जिवावर आपलं घर राखून होती.

कारण घरच जायची वेळ आली होती. मुलगी कॉरिन दोन्ही लेकरं घेऊन लांब उत्तरेकडच्या डेटनहून विमानाने आली होती ती म्हणायला भेटीला. खरं म्हणजे तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात आईसाठी एक खोली बोलून ठेवलेली होती आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. "तुझं तू सगळं करतेस म्हणतेस ना," कॉरिन म्हणाली होती, "मग एक दिवस आमच्याबरोबर पार्कात काढ. बघू दे मला." मर्नाला बोलण्यातला अर्थ कळायला वेळ लागला नाही. आज तिची परीक्षा होती.

सकाळ तर छान गेली. गर्दीतून मर्नाने घोडी अशी काढली की कॉरिनच हसून म्हणाली, "आई, तू माझ्यापेक्षा बरी चालवतेस." पाच वर्षांच्या टेसाला तिने साखरेत घोळवलेले तळलेले चुरोस घेऊन दिले, बाळ ओवेनच्या बाबागाडीला वाट काढून दिली. उजवा हात काय करतोय हे कुणाला दिसलं नाही. मग तीनच्या सुमारास पश्चिमेकडून ढग आले.

"आई, हा काही अर्ध्या तासाचा दिसत नाही गं."

"जाईल. रोज जातो."

"रोज असं काळं होतं?"

मर्नाने वर पाहिलं. काळ्यात हिरवट रंग मिसळला होता, आणि तसा रंग तिने फक्त वादळाच्या दिवसांत पाहिला होता. पक्षी गप्प झाले होते. तरी ती म्हणाली, "होतं की. तू विसरलीस."

मग पाऊस आला आणि जायचं नाव घेईना. पाऊस नुसता मी म्हणत होता. उघड्यावरचे पाळणे बंद झाले, कर्ण्यांतून एक गोड बाई लोकांना आडोशाला जायला सांगू लागली, आणि तिच्या प्रत्येक वाक्यावर वीज कडाडत होती. गटारं उलटी वाहायला लागली. मर्नाने सवयीप्रमाणे स्कूटरच्या बटणांवर आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवली. किल्ली आणि वेगाची चकती त्या टोपीखाली गेली. चकतीच्या एका टोकाला कासव असतं आणि दुसऱ्या टोकाला ससा. कॉरिन घाईत होती, तिच्या बरोबरीने जाता यावं म्हणून मर्नाने टोपी घालायच्या आधी चकती सशापर्यंत नेऊन ठेवली होती. मग तिने वरून भला मोठा बिनबाह्यांचा रेनकोट ओढून घेतला, इरलं घ्यावं तसा, आणि तिचे दोन्ही हात झाकले गेले.

ओवेनने लंगोट खराब केला होता. तो बदलायला जागा होती ती तळ्यावरच्या पुलापलीकडे, मोठ्या मंडपात. तेवढ्यात टेसाच्या सँडलचा पट्टा तुटला, आणि वीज कडाडली की ती पोर दोन्ही कानांवर हात ठेवून मधेच उभी राहायची.

"आई, हिला घेतेस का मांडीवर? तुझ्या रेनकोटात बसव," कॉरिन म्हणाली. "मला बाबागाडीच आवरत नाहीये. सगळ्याच आज्या बसवतात."

बसवतात खऱ्या. बसवू नका अशा पाट्या जागोजागी आहेत आणि त्या पाट्यांखालूनच आज्या नातवंडांना मांडीवर घेऊन जातात. पण मर्नाने इथे नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण नाही म्हटलं की कॉरिनने का म्हणून विचारलं असतं, आणि त्या का-ला तिच्यापाशी उत्तर नव्हतं. स्वतःचं घर राखायला माणूस काय काय करतं, आणि वर त्यालाच माया म्हणतं.

"ये गं माझ्या राणी," मर्ना म्हणाली.

टेसा मांडीवर चढली आणि रेनकोटात गडप झाली. मर्नाने डाव्या हाताने पोरीला कवेत घेतलं आणि त्याच हाताने हँडलही धरलं. घोडी चालू लागली. चाकांना पाणी लागून लागून घसघस होत होती. रेनकोटाच्या आतून थोड्या वेळाने आवाज आला.

"आजी, तू हे बांधून का ठेवलंयस?"

"बांधलं कुठे? रबर आहे ते."

"माझं आहे. निळं. सकाळी मी शोधत होते."

"उसनं घेतलंय. माझं तुटलं. आईला सांगू नको हं."

"का?"

"आपल्या दोघींचं गुपित आहे म्हणून."

टेसाने जरा विचार केला. "बरं," ती म्हणाली, आणि मोठ्या जबाबदारीने आजीच्या पोटाला टेकून बसली.

पूल आधी चढतो आणि मग लांब उताराने मंडपाच्या तोंडाशी उतरतो. खाली माणसांची नुसती दाटी होती. आत जायला जागा नाही म्हणून लोक मंडपाबाहेर, उतार संपतो तिथेच थांबले होते. कॉरिन पुढे होती. तिने बाबागाडी कडेला, उताराच्या पायथ्याशी लावली. पुलाच्या माथ्यावरून मर्नाला तिची पाठ तेवढी दिसत होती.

माथ्यावर येताच मर्नाने उजव्या अंगठ्याने रबर चाचपलं. अंगठा रबराला लागला की मुठीला, हे तिला कळेना. तिथे काही जाणवतच नव्हतं. तिने पुन्हा ओढलं. ओलं रबर खटक्याला चिकटून बसलं होतं आणि घोडी उताराला लागली होती, सशाच्या वेगाने, दोघींचं वजन घेऊन. मर्नाने डावा हात हँडलवरून काढून टोपीखालची किल्ली धरायला बघितली, तर हँडल असं डगमगलं की टेसा कलंडली. हात परत हँडलवर आला. "बाजूला व्हा," ती ओरडली. मुसळधार पावसात तो आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही.

"टेसा, ते रबर काढ."

"पण ते गुपित आहे ना?"

"काढ बाळा. ओढ. जोरात ओढ."

दोन इवले हात रबराशी झटू लागले. मर्नाने डाव्या हाताचा सगळा जोर लावून हँडल फिरवलं. कॉरिनची पाठ समोरून सरकली आणि बाबागाडी समोर आली. ती चुकवायला जागाच नव्हती.

रबर सुटलं आणि धडक बसली, दोन्ही एकदमच. बाबागाडी आडवी झाली, पुढचं चाक वाकलं, दुधाची बाटली घरंगळत गेली. घोडी जागेवर थांबली.

बाबागाडीपासून हातभर अंतरावर कॉरिन उभी होती. ओवेन तिच्या खांद्यावर होता. त्याला तिने नुकतंच उचललं होतं, इतकं नुकतंच की बाबागाडीचा सुटलेला पट्टा अजून तिच्या बोटांत होता. ती त्या रिकाम्या, उलट्या बाबागाडीकडे बघत राहिली.

"कोणी दाबलं?" कॉरिनने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता. "आई, खटका कोणी दाबला?"

मर्नाने तोंड उघडलं. तेवढ्यात रेनकोटाच्या गळ्यातून टेसाचं डोकं वर आलं.

"मी," टेसा म्हणाली. "मी दाबला."

मग कॉरिनचा बांध फुटला. "अक्कल आहे का तुला? तुझा भाऊ आत्ता त्यात असता तर? खाली उतर. उतर म्हणते ना. आता आजीच्या मांडीवर बसायचं नाही. मोटारीपर्यंत चालत यायचं." पोर उतरली. तिचा खालचा ओठ थरथरत होता, पण तिने आजीकडे पाहिलं नाही. पाहिलं तर गुपित फुटेल अशी तिला भीती असावी.

कॉरिनने एका हाताने आईला मिठी मारली. ती रडत होती. "शेवटच्या क्षणी मी वळले तेव्हा बघितलं, तू हँडल फिरवलंस. नाहीतर मी आणि ओवेन... आई, मी उगाचच तुझ्यावर शंका घेत होते. एवढ्या पटकन मलासुद्धा सुचलं नसतं. उद्या फोन करून कळवते त्यांना, खोली नको म्हणून."

मर्नाला आधी आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, झाला. माझं घर राहिलं, माझी खिडकी, माझी सकाळची कॉफी. मग त्या आनंदाची तिला शिसारी आली. पण ती काही बोलली नाही, आणि गप्प राहिलं की गप्प राहणं सोपं होत जातं.

लंगोट बदलून झाला तरी पाऊस तसाच होता. शेवटी तशाच भिजत ती सगळी फाटकाकडे निघाली. कॉरिनने ओवेनला छातीशी बांधलं होतं आणि मोडकी बाबागाडी ती लंगडी ओढत नेत होती. टेसा स्कूटरच्या चाकालगत अनवाणी चालत होती, तुटकी सँडल हातात घेऊन, गारठून. मर्नाने चकती कासवावर आणली होती आणि डावा हात आडवा नेऊन खटका धरला होता. रेनकोटात ती जवळजवळ कोरडी होती.

"आजी," टेसा कुजबुजली, "मी नाही सांगितलं." तिचे दात वाजत होते, तरी त्या आवाजात थोडा अभिमान होता.

पुढून कॉरिन मान वळवून म्हणाली, "मी काय म्हणते आई, टेसाला ठेवून जाऊ का ऑगस्टपर्यंत? शाळा बंदच आहे. समुद्रावर ने, फिरव इकडेतिकडे. तुलाही सोबत."

मर्नाने हाक मारली. पावसात ती विरली. ऐकू गेली नाही ते बरंच झालं, असं तिला वाटून गेलं. तिने खटका सोडला आणि घोडी थांबवली. टेसाही थांबली. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून ती आजीची वाट बघत राहिली, आजी म्हणेल तोवर उभी राहिली असती.

"कॉरिन," मर्ना ओरडली.

कॉरिन मागे आली. "काय झालं?"

"हिने नाही दाबला."

"आई, तिला पाठीशी घालू नकोस."

"खटका बांधलेला होता. मी बांधला होता. माझ्या बोटांत जोर राहिलेला नाही. आणि तुला सांगायचं नाही, असं मीच हिला बजावलं होतं."

कॉरिनने टेसाकडे पाहिलं. पोरीचा चेहरा बघून तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून."

कॉरिनच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ती मनात काहीतरी मागे मागे आठवत गेली.

"परवा विमानतळावरून आम्हाला तूच आणलंस," ती सावकाश म्हणाली. "आज सकाळी हायवेवरून तूच आणलंस. दोन्ही पोरं मागे बसली होती."

"हो."

"आणि मी तुझ्या शेजारी झोपले होते."

मर्नाने मान हलवली.

कॉरिनने टेसाला खांद्याला धरून स्कूटरपासून लांब, आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं. मग तिने हात पुढे केला. "मोटारीची किल्ली दे."

मर्नाने डाव्या हाताने रेनकोट वर केला. उजवा हात तिच्या मांडीवर पडलेला होता. तो आता दोघींना दिसत होता.

"उजव्या खिशात आहे," ती म्हणाली. "तुलाच काढून घ्यावी लागेल."