खालच्या सुरांची वाट

बाबांनी सकाळपासून दोनदा दाढी करून घेतली. पहिली त्यांना पसंत पडली नाही. "हनुवटीखाली राहिलंय," ते म्हणाले, "कॅमेऱ्यात दिसतं ते." मुलीने मुकाट्याने पुन्हा फेस केला. पलंगावरून खुर्चीपर्यंत यायला ज्याला श्वास पुरत नाही, त्याच्याशी दाढीवरून काय वाद घालायचा? डॉक्टरांनी तिला दाराबाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं की आता औषधांचा आग्रह धरू नका, त्यांच्या मनासारखं करा. आणि बाबांच्या मनात एकच गोष्ट होती, संध्याकाळचा कार्यक्रम.

तरुणपणी बाबा लष्कराच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. एरवी कवायतीच्या मैदानावर कूच. पण शनिवारी संध्याकाळी बँडमधले निवडक लोक पांढरे कोट चढवून टीव्हीच्या स्टुडिओत बसायचे आणि नाचाची गाणी अशी वाजवायचे, की भलेभले गंभीर लोक घरात मांडीवर ठेका धरायचे. कार्यक्रम थेट असायचा. अख्ख्या गल्लीने तो पाहिला, फक्त बाबांनी नाही. त्या वेळी ते तिकडे वाजवत असायचे, मग बघणार कधी? फिती जपून ठेवण्याची अक्कलही तेव्हा कुणाला नव्हती. एक पुसायची, तिच्यावर दुसरं काहीतरी भरायचं. त्यातली एक फीत कुठल्याशा गोदामात चुकून शिल्लक राहिली होती आणि आज ती दाखवणार होते. ही बातमी पेपरात बाबांनीच आधी वाचली. मुलीच्या हाती पेपर आधी पडला असता, तर तिने तो लपवला असता.

कारण बाबा टीव्हीवर कधी दिसलेच नव्हते.

दोष कुणाचाच नव्हता. स्टुडिओ लहान, बँड मोठा. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडायचे आणि बाबांची खुर्ची अगदी टोकाला. कॅमेरा तिथवर पोचायचाच नाही. सॅक्सोफोनवाले दिसायचे, ढोलवाला तर घामाच्या थेंबांसकट दिसायचा. बाबांची फक्त नळी दिसायची. ट्रॉम्बोनचा सूर जितका खालचा, तितकी ती सरकती नळी पुढे ढकलावी लागते. बाबांनी खालचा सूर घेतला की पडद्याच्या डाव्या कडेने नळीचं चकचकीत टोक आत यायचं आणि लगेच मागे जायचं. बस्स, एवढेच बाबा. मुलीचा धाकटा भाऊ तेव्हा देवापुढे हात जोडून खालचे सूर मागायचा. इतर मुलं खेळणी मागत होती.

आणि आई! शनिवारी ती केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून टीव्हीसमोर बसायची, जणू पडद्यातून ते तिलाच बघणार होते. बाबा घरी आले की दारातच विचारायचे, "दिसलो का?" पहिल्या शनिवारी दोन्ही मुलांनी आईकडे पाहिलं. आई अगदी बेधडक म्हणाली, "दिसलात की. कॉलर तेवढी वाकडी होती." झालं! तेव्हापासून बाबा स्टुडिओत जाण्याआधी आरशासमोर कॉलरशी झटापट करायचे. पुढे आईला त्यात गोडीच लागली. आज हसलात नाही. आज दमलेले वाटलात. आज फार छान दिसलात हो. मुलं माना डोलवायची. बँडमधून निवृत्त होईपर्यंत हे चाललं आणि आई गेली तेव्हा खरं सांगण्याची जबाबदारी कुणावरच राहिली नाही.

दुपारी मुलीने धाकट्याला फोन लावला.

"वायर काढून ठेव," तो म्हणाला. "बिघडलाय म्हणून सांग. इतकं खोटं बोललो, त्यात आणखी एक."

"अरे, दोनदा दाढी केलीये त्यांनी."

"मग तूच ठरव, ताई," तो शेवटी म्हणाला.

संध्याकाळी ती खरंच टीव्हीच्या मागे वाकली. वायर हातात धरली, पण ओढवेना. हा माणूस आयुष्यभर एका चित्रावर खूश होता, पांढऱ्या कोटातला, सरळ कॉलरचा, बायकोला छान दिसलेला. आज ते चित्र त्याच्याच डोळ्यांदेखत पुसलं जाणार, आणि तेही आता, जाता जाता. तिला आईचा रागच आला. खोटं सांगून मोकळी झाली आणि निस्तरायला मला ठेवलं!

"लागला का गं?" बाबांनी विचारलं.

"लागतोय," ती म्हणाली आणि वायर सोडून बाजूला झाली.

बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. "कॉलर बघ." तिने बघितली, सरळ होती. निवेदिका बोलायला लागली तसे ते म्हणाले, "आता माझी खुर्ची फिरव."

"कुठे?"

"तुझ्याकडे. पाठ टीव्हीला करून दे. तू तुझ्या जागेवर बस, बसायचीस तिथे."

"अहो बाबा, मग तुम्हाला दिसणार कसं?"

"तिकडे मी होतो की. तिकडचं सगळं ठाऊक आहे मला." ते दम घ्यायला थांबले. "मी कसा दिसायचो ते तुझी आई सांगायची. तुम्ही कसे दिसायचात ते मला कोण सांगणार?"

तिने खुर्ची फिरवली आणि कोचाच्या कडेला, लहानपणच्या जागी बसली. शेजारची आईची जागा तिने तशीच ठेवली.

बँड सुरू झाला. पांढरे कोट, ढोलवाल्याचा घाम, सगळं तसंच. बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर पुढेमागे सरकत होता. खालचा सूर आला आणि तिची मान आपोआप डावीकडे वळली. टोक चमकलं. ती हसली. किती वर्षांनी, पण तशीच, लहान मुलीसारखी हसली.

"कडेला बघतेस तू," बाबा म्हणाले.

तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"खालच्या सुराला. म्हणजे नळी दिसायची तर. नुसती नळी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो आवाज ऐकून तिला रडू फुटलं.

"हो, बाबा."

"आणि तेवढ्यासाठी तुम्ही तिघं बसायचात?"

"दर शनिवारी."

"ती केस विंचरून बसायची, धाकटा सांगायचा. ते तरी खरं?"

"ते खरं. इस्त्रीची साडी नेसून."

बाबांनी आईच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मागे गाणं संपायला आलं होतं. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण मांडीवरचा हात वेळेवर वर आला.

"डोळे पूस," ते म्हणाले. "शेवटचा सूर सगळ्यात खालचा आहे. बघ हं, आता येतोय मी."

तिने पदराने डोळे पुसले आणि डावीकडे पाहिलं.