सनमायक्याचं टोक

रंगनाथनं चिकटवायचं सोल्यूशन लावलेल्या कपाटाच्या दारावर लाकडाच्या सात पट्ट्या आडव्या मांडल्या आणि त्यांवर सनमायका अलगद ठेवला. नारिंगी, त्यावर निळे गोल आणि पिवळे त्रिकोण. मधे पट्ट्या होत्या तोवर ठीक. एकदा खाली टेकला की तो उचलता येत नाही, आणि हे डिझाइन आता बाजारात मिळत नव्हतं.

देवळाली कॅम्पातल्या गिऱ्हाइकांना त्यानं जन्मभर सागवानी रंगाचीच कपाटं करून दिली. हे रंग त्याच्या बायकोनं, मालनबाईनं निवडलेले, सुनेच्या कपाटासाठी.

"लाकूड लाकूड किती बघायचं? पोरीचं कपाट जत्रेवानी दिसू द्या," असं म्हणून तिनं ही गुंडाळी नाशकातनं रिक्षात मांडीवर आडवी धरून आणली होती. ते २००३ च्या दिवाळीत. होळीला ती गेली. गुंडाळी वर्षभर दाराआड उभी होती.

सून निकिता चहाचा कप घेऊन आली.

"मामा, मी धरू का टोक?"

"नको. पट्ट्यांवर होतं. एकेक काढायची नि दाबत यायचं."

"म्हंजे एकट्यानं होतं?"

"होतं."

"मग आत्यांना कशाला हाका मारायचात?"

रंगनाथनं मधली पट्टी ओढली, फडक्यानं दाबलं. बावीस वर्षं तो इथूनच ओरडायचा, "मालन, टोक धर गं!" ती पिठाचे हात तसेच घेऊन यायची. "भाकरी करपली तर तुमच्याच ताटात वाढीन," म्हणायची आणि मनगटांवर टोक तोलून धरायची. जरा लवकरच सोडायची. तिच्या बाजूला हमखास हवेचा एखादा फुगा राहायचा. मग तो बोलायचा, तीही बोलायची.

"आत्यांना ठाऊक होतं," निकिता म्हणाली.

त्याचा हात थांबला. "काय?"

"पट्ट्यांचं. एकदा मी म्हटलं, चुलीवरची भाकरी टाकून कशाला पळताय? तर हसल्या. म्हणाल्या, 'त्यांच्या पट्ट्या मीच रोज झाडून कोपऱ्यात लावते. त्यांना वाटतं, मला कळत नाय.'"

"अजून काय म्हणाली?"

"काय नाय. पदराला हात पुसले नि आल्या तुमच्याकडं."

सोल्यूशन सुकत होतं. थांबून चालणार नव्हतं. त्यानं उरलेल्या पट्ट्या एकामागून एक काढल्या. शेवटची निघाली तेव्हा दार नारिंगी होऊन समोर पडलं होतं. निळे गोल कडेपर्यंत सरळ रांगेत.

"एक फुगा नाय, मामा!"

त्यानं मालनबाईच्या बाजूचं टोक अंगठ्यानं चाचपलं. कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला. सगळं सपाट होतं.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. चहा बाहेर तसाच राहिला. भिंतीशी जुनं तपकिरी कपाट होतं, त्यांच्या संसारातलं पहिलं. खालच्या दाराच्या कोपऱ्यात रुपयाएवढा फुगा होता. गरम इस्त्री फिरवून बसवू, असं तो कितीतरी वर्षं म्हणत आला होता.

खाली बसून त्यानं फुग्यावर अंगठा ठेवला. टक् आवाज झाला आणि फुगा बसला.

"मामा, दुसरं दार घ्यायचं का?" बाहेरून निकितानं विचारलं.

"उद्या."

अंगठा काढला की फुगा पुन्हा वर येणार होता. त्यानं अंगठा काढला नाही.