ज्येष्ठेच्या हनुवटीचा पोचा

आमच्या गौरी पितळेच्या. सासूबाईंच्या हातून एकदा ज्येष्ठेचा मुखवटा निसटला, हनुवटीला पोचा आला, तो तसाच राहिला. मोहने गावातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या दरसाल बसायच्या आणि घरच्या लेकी माहेरवाशिणी म्हणून तिथंच जेवायच्या.

धाकटी जाऊ मंदाकिनी ठाण्यात वर्तकनगरला टॉवरात राहायला गेली आणि तिला गौरी आपल्याकडे हव्या झाल्या. भक्ती कसली डोंबलाची, सोसायटीत सजावटीची स्पर्धा असते. दीर दारात येऊन बसला. माझे गुडघे गेलेले, पुरण वाटणार कोण? दिल्या.

पहिल्या साली तिचा दुसरा नंबर आला. तेवढ्यानं बाईचं तोंड वर्षभर फुगलेलं. दुसऱ्या साली गौरीजेवणाला गेले तर हॉलमध्ये फायबरच्या दोन उंच बाया, डोळ्यांत खडे. आमचे मुखवटे तिनं नौपाड्यातल्या दुकानात मोडीत घातले होते.

"वहिनी, जुनाट होते ते. फोटोत काळे यायचे," म्हणाली.

नणंद गंगूवन्सं कल्याणहून आलेल्या, शुगरवाल्या. पण परीक्षक येईपर्यंत नैवेद्याचं ताट हलवायचं नाही म्हणे. घरची लेक उपाशी बसवली. परीक्षक आले, घरात जुनं काही नाही का विचारलं, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या कल्पिताकडे गेले. पहिला नंबर तिथंच जाहीर करून टाकला.

एवढं काय आहे ते बघायला मंदाकिनी तरातरा गेली, मागून आम्ही. कल्पिता बिचारी कौतुकानं सांगत होती, नौपाड्यात एका दुकानात नशिबानं मिळाले, अगदी जुने आहेत.

ज्येष्ठेच्या हनुवटीला पोचा होता.

मंदाकिनी पांढरी पडली. माझे आहेत म्हणावं, तर मोडीत कोणी घातले तेही सांगावं लागणार.

गंगूवन्सं पुढे झाल्या. त्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि तिथंच पाटावर बसल्या. "पोरी, मी ह्यांची माहेरवाशीण. वाढ मला."

"वन्सं, घरी ताट मांडलंय," दारातून मंदाकिनी.

"राहू दे. फोटोला लागेल."

मलाही पाट आला. कल्पिताच्या पुरणाला नाव ठेवायला जागा नव्हती. मी मात्र त्या पोच्याकडेच बघत जेवले. माझ्या घरच्या गौरी, आणि मी त्यांच्यापुढे पाहुणी.