मुहूर्ताला काढलेली काळी तार

मित्रांनो, आगपेटीपेक्षा जरासा मोठा, निळ्या पट्टीवर बसवलेला मी एक जुना मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिमुकला संगणक आहे. अंगावर खरचटल्याच्या खुणा आहेत आणि आता थोडे पीठही आहे.

माझ्या आयुष्याची सुरुवात थाटात झाली. एका कॉलेजच्या प्रदर्शनात मी कचरापेटीत बसून येणाऱ्याचे स्वागत करत असे. प्रमुख पाहुण्यांनी मला देशाचे भवितव्य म्हटले आणि माझ्यातच चहाचा कप टाकला. त्यानंतर हे भवितव्य दोन वर्षे एका खणात, संपलेल्या सेलांच्या सोबतीने पडून होते.

तिथून मला त्याच कॉलेजात शिकणाऱ्या चिन्मयीने उचलले. तिचे घर महाल नावाच्या जुन्या वस्तीत. खाली तिच्या आईची, ताराबाईंची पिठाची चक्की आणि वर राहणे. वडील बाहेरगावी नोकरीला. वरच्या खोलीत आजी, सुमतीबाई, खाटेवर असतात. त्यांना दम्याचा जुना आजार आहे. दम लागला की त्यांचा आवाज निघत नाही, आणि निघाला तरी चक्कीपुढे कोणाचे काय चालणार? घंटी लावून पाहिली, तीही ऐकू येईना.

मग चिन्मयीने माझ्यासारखाच एक भाऊ आजीच्या उशाशी ठेवला. त्याला दोन बटणे, एक पाण्याचे, एक दमाचे. मी खाली चक्कीशेजारी, छोट्या पडद्यासकट. जिन्याच्या खिडकीतून तीन तारा आल्या. हिरवीतून भाऊ बोलायचा, पिवळीतून मी ‘मिळाले’ म्हणायचो. माझे ‘मिळाले’ पोचेपर्यंत तो तोच शब्द पुन्हा पुन्हा पाठवायचा. तिसरी काळी. तिच्यातून एकही अक्षर जात नसे. पण आमची अक्षरे म्हणजे विजेचे चढ-उतार, आणि चढ कुठून मोजायचा हे दोघांनी एकच धरावे लागते. तेवढे काळी तार सांभाळायची. ज्यांचे काम दिसत नाही, त्यांचे होते तेच तिचेही झाले.

खंडेनवमीचा दिवस होता. चक्कीची पूजा करायला मोठेबाबा आले. मोठेबाबा म्हणजे सुमतीबाईंचे थोरले चिरंजीव मुकुंदराव. सदर भागातल्या एका कार्यालयातून निवृत्त झालेले. आईला सणासुदीला भेटतात आणि सूचना मात्र वर्षभराच्या देऊन जातात. त्यांनी चक्कीला हळदकुंकू वाहिले, मलाही एक ठिपका लावला. मग त्यांची नजर तारांवर गेली.

“तारा, शुभ दिवशी ही काळी तार काहून लोंबकळून राहिली वं?”

“चिन्मयीनं लावली, भाऊजी. राहू द्या ना.”

“एक तार जायची, एक यायची. तिसरी कशाले पाहिजे? हिशोब साधा आहे.”

त्यांनी काळी तार माझ्यातून उपसली, व्यवस्थित गुंडाळली आणि पूजेच्या ताटाखाली सारली. तिच्या जागी झेंडूचे फूल खोचले. चिन्मयी तेव्हा आपट्याची पाने आणायला इतवारीच्या बाजारात गेली होती.

मुहूर्ताचे दळण सुरू झाले. पट्टा फिरू लागला, भिंती थरथरू लागल्या. आणि माझ्या हिरव्या तारेत काहीतरी हलले.

मी कान टवकारले. अक्षर आले, पण ते अक्षर नव्हते. उलटे प्रश्नचिन्ह, अर्धी चौकट, एक टिंब. पुन्हा आले, पुन्हा तसेच. तो भाऊ होता की मोटारीचा गोंगाट? पाणी होते की दम? मला कळेना. न समजलेल्याला ‘मिळाले’ कसे म्हणणार? मी आलेले सगळे पडद्यावर मांडत राहिलो. माझ्याजवळ दुसरे होतेच काय?

ताराबाईंनी गव्हाचा डबा खाली ठेवला. “भाऊजी, हे काय येऊन राहिलं?”

“मोटरीचा कचरा आहे. ह्या पोरींच्या मशिनी अशाच. टपली मार, ठीक होते.” आणि त्यांनी मला दोन टपल्या मारल्या. पडद्यावरची चौकट हलली, कुंकू सांडले, बाकी तसेच.

“वरून आईच काही म्हणत असल्या तर?”

“मुहूर्ताची चक्की मधेच बंद करू नको वं! वर्षभर खोळंबा होते.”

ताराबाई एकदा मुकुंदरावांकडे पाहत होत्या, एकदा पडद्याकडे. माझ्या पडद्यावर चौथी ओळ उमटली, पाचवी उमटली. मग त्यांनी खटका ओढला आणि चक्की थांबली.

“होऊ द्या खोळंबा,” एवढेच म्हणून त्या जिना चढल्या.

ती शांतता मला चक्कीहून मोठी वाटली. वर खाट करकरली. काहीतरी धातूचे घरंगळले. मुकुंदराव हळद पुसत उभे होते. तेवढ्यात चिन्मयी दारात आली. बंद चक्की पाहिली, मला पाहिले, फूल पाहिले.

“मोठेबाबा, काळी तार कुठं आहे?”

त्यांनी ताटाकडे बोट दाखवले. चिन्मयीने फूल फेकले आणि तार खोचली. त्याच क्षणी माझ्यात स्वच्छ अक्षरे उतरली. दम. दम. दम. भाऊ थांबलाच नव्हता. मी ‘मिळाले’ म्हटले, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

मुकुंदरावांनी ते वाचले. वाचायचा चष्मा न काढता, चप्पल न घालता, चौसष्ट वर्षांचा तो माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत वर धावला. “आई!” ही हाक मला खालपर्यंत ऐकू आली.

मला नंतर कळले, दम्याच्या औषधाच्या फवाऱ्याचा पंप खाटेखाली पडला होता, आणि सुमतीबाईंचा हात तिथवर पोचत नव्हता. ताराबाईंनी तो त्यांच्या तोंडाशी धरला होता. बऱ्याच वेळाने वरून ताराबाईंचा आवाज आला, “बसला दम. घाबरू नका.”

तर मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या. पूजा करा, कुंकू लावा, आमची हरकत नाही. पण आमची कोणतीही तार काढण्याआधी ज्याने ती लावली त्याला विचारा. आणि पडद्यावर काहीबाही उमटू लागले, तर आम्हाला टपल्या मारत बसू नका. पलीकडच्या माणसाला नीट बोलता येत नसेल. आधी वर जाऊन पाहा.