अंगणातला मान

माझा मुलगा अद्नान कुवेतला असतो. त्याने रत्नागिरीत फ्लॅट घेतला त्याला बरीच वर्षं झाली. "अम्मी, गावात एकटी कशाला राहतेस, फ्लॅटवर जा, तिथे आपली माणसं आहेत," असं तो दर जुम्म्याला फोनवर म्हणायचा आणि मी दर जुम्म्याला तेच उत्तर द्यायचे. शिमग्यात देवीची पालखी माझ्या अंगणात टेकते तोवर मी हलणार नाही. आपली माणसं कोण, ते मला तुझ्याकडून शिकायचं नाही.

आमचं गाव जयगडच्या वाटेवर, खाडीच्या अलीकडे. मोहल्ल्यातली घरं एकेक करून मुंब्र्याला नाहीतर रत्नागिरीला गेली. वाडीला लागून असलेलं आमचं आणि आणखी दोन-चार, एवढीच उघडी राहिली. पालखीचा मान आमच्याकडे कसा आला ते सासूबाई सांगायच्या. खाडीवर पूल नव्हता तेव्हा देवीला पलीकडच्या बहिणीच्या भेटीला न्यायचं ते आमच्या घरच्या होडीतून. होडी लागेपर्यंत पालखी आमच्या अंगणात टेकायची. पुढे पूल झाला, होडी किनाऱ्यावर कुजून गेली, पण पुलाकडे जाताना पालखी आमच्याकडे थांबायची ती थांबायचीच. आम्ही नारळ द्यायचा, खांदेकऱ्यांना आमसुलाचं सरबत द्यायचं, आणि गावकराने, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, आमच्या घरासाठी गाऱ्हाणं घालायचं.

ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावकर देवीपुढे उभा राहून त्या घरचं एकेक मागणं मोठ्याने बोलतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. गावाने होकार भरला नाही तर ते गाऱ्हाणं होत नाही.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी ते पहिल्यांदा ऐकलं, दाराच्या फटीतून. माझे यजमान गनी तेव्हा बोटीवर चाकरीला होते. गनींचे दोस्त अनिलभाऊ, त्यांचे वडील तेव्हा गावकर होते. ते म्हणाले, या घरचा गनी दर्यावर हाय, त्याची बोट सुखरूप बंदराला लाव. व्हय म्हाराजा. घरात नवी सून आली हाय, तिला परकं वाटू देऊ नको. व्हय म्हाराजा. माझं माहेर नाटे गावचं. तिथे सख्ख्या माणसांनीही माझ्यासाठी असं उघड्यावर, सगळ्यांनी मिळून काही मागितलं नव्हतं. मी फटीतून मागे सरले आणि भिंतीला टेकून खूप रडले. सासूबाईंना वाटलं, मला माहेरची आठवण आली.

नंतर वर्षानुवर्षं त्या गाऱ्हाण्यात आमचं सगळं येत गेलं. अद्नानचं जन्मणं, गनींचं पोटाचं दुखणं, पावसात पडलेली पडवी. गनी गेले त्या वर्षी गावकीचं काम अनिलभाऊंकडे आलेलं होतं. दोघे एकाच वर्गात शिकलेले, एकाच जाळ्यात मासे मारलेले. गाऱ्हाणं घालताना अनिलभाऊंचा आवाज बसला, तेव्हा मागून सदू ढोलवाल्याने वाक्य पुरं केलं. तेव्हापासून दरवर्षी शेवटचं मागणं अद्नानचं असायचं. पोर परमुलखात हाय, त्याला राखून घरी आण.

मला हे फुकट मिळत नव्हतं. जमातीतल्या मोठ्या माणसांनी आधी गनींना आणि मग मला समजावून पाहिलं की हे आता बंद करा. मी म्हणाले, माझी नमाज चुकत नाही, रोजा चुकत नाही, मी पालखीला हात जोडत नाही. दारी आलेल्याला पाणी देते. तरी काही घरांनी माझ्याकडे येणं सोडलं. अद्नानलाही ते पटायचं नाही. "आणि उद्या त्यांनाच नको झालं तर?" असं तो एकदा म्हणाला, तेव्हा मी त्याला असं झापलं की आठवडाभर त्याने फोन केला नाही. गंगामावशीच्या मांडीवर जेवलास आणि असं बोलतोस, म्हणाले.

गंगा म्हणजे माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा, तोही कमरेएवढा. आम्ही एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. तिचा नातू ऋत्विक माझ्या पडवीत रांगायला शिकला. आता तो विरारला नोकरीला असतो आणि शिमग्याला मित्रांना घेऊन येतो.

यंदाही शिमगा रमजानात आला. रोजा असला की मला सरबत चाखता येत नाही, म्हणून गेल्या वर्षी गंगाने येऊन चाखलं होतं आणि वर टोमणा मारला होता की, मैमुना, तुझा रोजा आणि माझं पोट फुगलं. यंदा सकाळपासून मी तिला गडग्यावरून हाका मारल्या. तिची सून बाहेर आली आणि आई देवळात गेल्या म्हणून सांगून आत गेली. मी अंदाजाने मीठ घातलं. अंगण सारवलेलं होतं. मधोमध पाट मांडला, ताटात नारळ ठेवला आणि डोक्यावरून ओढणी नीट घेऊन बेड्याशी, अंगणाच्या फाटकापाशी, उभी राहिले.

उन्हं कलल्यावर ढोल ऐकू आले. पालखी वळणावर आली. खांदेकऱ्यांचे पाय सवयीने माझ्या बेड्याकडे वळले, तेवढ्यात ऋत्विक पुढे झाला आणि माझ्याकडे पाठ करून, हात पसरून वाटेत उभा राहिला.

"सरळ चला. इथं टेकवायची नाय."

ढोल थांबले. सदू म्हणाला की अरे, मान हाय तो, पहिल्यापासूनचा.

"कसला मान?" ऋत्विक म्हणाला. "आपली देवी ते मशिदीत घेतील काय? नाय ना? मग आपण त्यांच्या दारात तिला कशाला बसवायची?"

त्याच्या मित्रांपैकी एकजण म्हणाला की सरबतात काय घालतात ते कोण बघायला गेलाय. पोरं हसली. सदूने मान खाली घालून ढोलाची दोरी आवळायला घेतली. ती आवळलेलीच होती.

मी म्हणाले, "ऋत्विक, बाळा, मागे वळून बोल."

तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "दादी, तुमच्याबद्दल काय नाय," तो म्हणाला. "पण आता असं नाय चालत."

मला त्याचं काहीच वाटलं नाही असं नाही, पण तो पोर होता आणि वर्षातून चार दिवसांचा पाहुणा होता. मी त्याच्या मागे बघत होते. तिथे सगळा गाव उभा होता. ज्यांच्या बाळंतपणात मी रात्री जागले त्या बायका होत्या. गनींनी ज्यांना बोटीवर चिकटवून दिलं ते म्हातारे होते. कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं, तेही पालखीचं, आमचं नव्हे. गंगाच्या हातात आरतीचं ताट होतं. ती निरांजनाला तळव्याचा आडोसा धरून त्याच्याकडे बघत होती. वारा अजिबात नव्हता.

मी अनिलभाऊंकडे बघितलं. गावकराने एक शब्द टाकला असता तर खांदेकरी आत आले असते, पोरं बाजूला झाली असती. गावकरापुढे जायची छाती अजून तरी कुणाची नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी फेटा सारखा केला.

"चला रे," ते म्हणाले. "पुढं घरं हायत. उशीर होतोय."

ढोल पुन्हा सुरू झाले. माणसं माझ्या बेड्यासमोरून गेली, एकामागून एक, आणि प्रत्येकाला त्या घडीला रस्त्यात बघण्यासारखं काहीतरी सापडलं. मी नारळाचं ताट धरून उभीच होते. ते खाली ठेवावं हे सुचलं नाही.

संध्याकाळी त्याच सरबताने रोजा सोडला. खारट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. रस्त्याने नव्हे, परसातून, मागच्या दारी. आधी सदू आला, उंबऱ्याबाहेर बसला आणि वाडीतल्या पोरांना शिव्या घालून गेला. मग बायका आल्या, एकेकट्या, पदराखाली करंज्या, वाटीभर तिखटजाळ मटण. प्रत्येकीला वाईट वाटलेलं होतं. जी ती म्हणत होती की कुणी एकजण जरी बोलला असता तरी मी बोलले असते. मी ऐकून घेतलं. कालच्या कालच हे सगळे एकदम आले असते तर माझ्या अंगणात मावले नसते.

गंगा दुपारी आली. गडगा ओलांडून, गुडघ्यावर हात ठेवत. फडक्यात पुरणपोळ्या बांधलेल्या, माझ्या इफ्तारीसाठी. दाराशी टेकून म्हणाली, "रागावू नको गो, मैमुना. तो आता माझ्या ऐकण्यातला नाय राहिला."

"तू काय म्हणालीस त्याला?"

"अगो, तो ऐकतो काय कुणाचं?"

"ऐकला नाही ते मी बघितलं. काय म्हणालीस म्हणून ऐकला नाही?"

तिने फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली की तो परवा जायचाय, चार दिवस येतो, घरात भांडण नको. मी म्हणाले की बरोबर आहे. पोळ्या घेतल्या आणि चुलीकडे ठेवल्या. ती जाईना. माझ्या तोंडून काहीतरी बरं ऐकल्याशिवाय तिला जाववत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला कधी असं ताटकळत ठेवलं नव्हतं.

अनिलभाऊ सगळ्यांच्या शेवटी आले. तेही केळींमधून. हातात देवळातला नारळ, सोबत कुणी नाही. मी बसायला स्टूल दिलं, त्यांनी घेतलं नाही. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "भाभी, मान मोडला असं मनात आणू नका. मी इथंच गाऱ्हाणं घालतो. देवीला काय, ती कुठूनही ऐकते."

त्यांनी चप्पल काढली, नारळ दोन्ही हातांत धरला. आवाज इतका खाली लावला की मला जवळ सरावं लागलं असतं. मी जवळ गेले नाही.

"आणि व्हय म्हाराजा कोण म्हणणार, अनिलभाऊ?"

त्यांनी मागे बघितलं, जसं काही तिथे कुणी असेल. केळी होत्या, माझ्या दोन कोंबड्या होत्या. मी म्हणाले की पुढच्या दाराने या. आत्ताच्या आत्ता, रस्त्यावरून, आणि नुसतं ओट्यावर बसा. गाऱ्हाणं नको, काही बोलायलाही नको. मी चहा टाकते.

ते घराला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून रस्ता दिसतो आणि रस्त्याकडेच्या कट्ट्यावर पोरं बसलेली होती. मी ओट्यावर खुर्ची मांडली, आत जाऊन चहा ठेवला, उकळला, गाळला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. नारळ मागच्या पायरीवर ठेवलेला सापडला.

जुम्म्याला अद्नानचा फोन आला. त्याने पहिलंच विचारलं, टेकली? मी नाही म्हणाले. आता तो "मी सांगत नव्हतो?" असं म्हणेल, म्हणून मी तयारीने बसले होते. तो तसं काही म्हणाला नाही. अनिलकाका तिथे होते का, त्याने विचारलं. मी म्हणाले, होते. सदूकाका? होता. आणि गंगामावशी? तीही होती, म्हणाले. कोण काय बोललं हे त्याने विचारलं नाही. पलीकडे कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते. इतकी वर्षं या पालखीवरून माझ्याशी भांडणारा माझा मुलगा, पन्नाशीला आलेला, अगदी लहान आवाजात म्हणाला, "म्हणजे यंदा माझं नाव नाही घेतलं कुणी."

मी त्याला सांगितलं की ईद झाली की येते फ्लॅटवर. तो म्हणाला, घाई नको, नीट विचार कर. मी म्हणाले, केला.

ईद झाल्यावर रिक्षा बोलावली. फार काही घेतलं नाही. दोन बॅगा, कुराणशरीफ, गनींचा बोटीवरचा फोटो. दार ओढून कुलूप घालत होते तेव्हा गंगा पुढच्या बाजूने आली. शिमग्याची माणसं मुंबईला परत गेली होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. मुंबईला जायचं असो, हजला गेलो तेव्हा असो, आमची किल्ली कायम गंगाकडे असायची. गनींच्या मयताच्या दिवशीही घर तिनेच उघडलं होतं. तिने हात पुढे केला.

मी किल्ली बटव्यात टाकली.

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिने त्याच हाताने माझी बॅग उचलून रिक्षात ठेवली. कधी येशील, असं तिने विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. मी रिक्षावाल्याला चल म्हणाले.