वाळलेला दिसणारा कडा

आमच्या मोआब गावचा वालुकाश्म पावसानंतर वरून लगेच सुकतो, पण आतून दोन-तीन दिवस ओला राहतो आणि बिस्किटासारखा मोडतो. तेवढे दिवस कड्याला हात लावायचा नाही. माझी पुतणी रोवीना सकाळपासून हेच सांगून चढाईला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या परत पाठवत होती. दुपारी मी तिच्यासाठी कॉफी घेऊन गेलो, तर बाईसाहेब स्वतःच अर्ध्या कड्यावर! खाली नवरा वॉकर दोर धरून उभा.

"अगं, उतर! वरचा तो पकडीचा दगड तुटला तर हा मार्ग कायमचा गेला!"

"काका, पाहुण्यांना कळत नाही. मला कळतं कुठे जोर द्यायचा ते!"

मी पायथ्याची वाळू उकरली. मुठीत तिचा ओलसर गोळा झाला.

"वॉकर, तू तरी सांग तिला!"

"माझं कधी ऐकलंय तिने?"

तेवढ्यात वर कट्‌कन वाजलं. रोवीना दोरावर लोंबकळत होती, धडधाकट. पकडीचा दगड तिच्या हातात होता.

"काका, गोंदाने चिकटेल का रे?"

"त्यालाही खडक आधी वाळावा लागतो, बाई!"